इंजिनच्या नावेवर दांडा धरून बसणाऱ्यानं ऊन-पावसापासून कसं वाचायचं? छप्पर करू की नको?

कृष्णाकाठ_रायबाग

नमस्कार सगळ्यांना. आमचं गाव रायबाग तालुक्यात कृष्णेच्या काठाला. आबा, म्हणजे माझे वडील, गेली तीसेक वर्षं नाव चालवतात. आधी लाकडी होती, बांबूनं रेटायची, आता फायबरची १८ फुटी घेतलीय मागं इंजिन लावून. पल्याडच्या रानातली गडीमाणसं, गवताचे भारे, दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, असं करत दिवसाला दहा-बारा फेऱ्या होतात. आबा मागच्या फळीवर बसून इंजिनचा दांडा धरतात आणि तिथं त्यांच्या डोक्यावर आभाळाशिवाय काय नाही.

मागल्या मे महिन्यात दुपारी आबांना चक्कर आली. नाव नुकती काठाला लागली होती म्हणून बरं, मधे पात्रात असती तर काय झालं असतं हा विचार अजून रात्री झोपताना येतो मला. दवाखान्यात सलाईन लावलं, दोन दिवस झोपून काढले आणि तिसऱ्या दिवशी परत नावेवर. वय ६३ आहे, बीपीची गोळी चालू आहे. पावसाळ्यात ह्याच्या उलटं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओल्या कपड्यात बसतात आणि रात्री खोकतात.

मी एक मोठी छत्री आणून फळीला दोरीनं बांधून दिली होती. पहिल्याच वळवाच्या वाऱ्याला छत्री उलटली, नाव आडवी फिरली आणि दांडी आबांच्या कानशिलाला लागली. त्या दिवसापासनं आबा म्हणालेत मला काय नको, आहे तसंच बरं आहे. खरं मला ते बघवत नाही.

आता डोक्यात आहे की पूर्ण नावेवर लोखंडी पाईपचा मांडव करायचा आणि वरनं ताडपत्री टाकायची, म्हणजे बसणाऱ्यांनाही सावली मिळेल. कुणी केलंय का असं? किती उंच ठेवायचं? का दुसरं काय आहे? जाणत्यांनी सांगा.

उद्यमबागचा_वेल्डर

दादा, पाईपचं काम माझं रोजचं आहे म्हणून पहिल्यांदा मीच सांगतो, पूर्ण नावेवर मांडव करू नकोस. कारण वजन नाही, वारा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, हे आम्ही पत्र्याच्या शेड बांधताना रोज बघतो. दोन चौरस मीटर कापड वाऱ्याला उभं आलं तर ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर १५ ते १८ किलोचा जोर येतो आणि ८० चा झोत आला तर ६०-७० किलोचा, आणि हा जोर लागतो पाण्यापासून पाच-सहा फूट वर, म्हणजे नाव कलंडायला अगदी जिथं हात घालावा तिथंच. अठरा फुटी नावेवर दोन्ही बाजूला ताडपत्री लोंबती सोडली तर ते छप्पर राहात नाही, शीड होतंय.

त्यात लोखंड घेतलंस तर वजनही सगळं वर जातंय. एक इंची अल्युमिनियमचा पाईप घे, महाग पडला तरी तोच घे. उंचीचं म्हणशील तर आबा बसून चालवतात ना? मग नावेच्या तळापासून साडेचार फूट पुष्कळ झालं, फळी दीड फूट, बसल्यावर डोकं तीन फुटाच्या आत आणि वर थोडी जागा. उभं राहायचा मोह नकोच. जितकं खाली तितकं चांगलं.

जुना_नावाडी_कागवाड

मी जुगूळकडच्या भागात बरीच वर्षं नाव चालवलीय, अलीकडं कर्नाटक पल्याड महाराष्ट्र, दोन्हीकडची माणसं नेलीत. आता गुडघ्यामुळं सोडलं. तुझ्या आबांचं आणि माझं दुखणं एकच म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेल्डर दादानं वाऱ्याचं सांगितलं ते खरं आहेच, खरं त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट माणसांची आहे. एका उन्हाळ्यात मी नावेच्या मागच्या अर्ध्या भागावर बांबू-ताडपत्रीचं छप्पर केलं होतं. एक दिवस मधल्या पात्रात वळीव आला, टपोरे थेंब सुरू झाले आणि पुढं बसलेली सगळी माणसं एकदम उठून मागं छपराखाली आली. नावेचं मागचं टोक बसलं, पुढचं वर उचललं, पाणी काठाला टेकायला चार बोटं राहिली. मी ओरडून ओरडून बसवली त्यांना. काठावर आल्यावर पहिलं काम ते छप्पर सोडलं. तेव्हापासनं माझं मत ठाम आहे की नावेवर आसरा करायचा तर फक्त नाव चालवणाऱ्यापुरता, दुसऱ्या माणसाला आत शिरायला जागाच राहू नये इतका लहान. नाहीतर मग सगळ्यांनाच, पण ते आपल्या नावांना झेपत नाही.

दुसरं, बसणाऱ्यांच्या छत्र्या. पावसात आठ माणसं आठ छत्र्या उघडून बसली की मागच्याला पुढचं काय दिसत नाही, आणि झोत आला की आठ छत्र्या मिळून नाव फिरवतात. माझ्या नावेत छत्री मिटवूनच बसायचं हा नियम होता आणि त्यावरनं भांडणं झाली तरी मी सोडला नाही. माणसांनी पोत्याची खोळ डोक्यावरनं घ्यावी, भिजावं थोडं, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. दिवसभर भिजतो तो चालवणारा.

तिसरं, गडगडाट ऐकू आला की नाव सोडायचीच नाही, पाण्यात असशील तर जवळचा काठ धरायचा. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच आपणच असतो. छपराखाली आहे म्हणून वीज सोडत नाही. आणि पूर चढायला लागला की छप्पर असो नसो नाव बांधून ठेवायची. २०१९ च्या पुरात आपल्या काठानं काय भोगलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गूळ करायच्या काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, बसून माणसं बाहेर काढलेला हा मुलूख आहे, पण ती संकटातली गोष्ट झाली, रोजच्या फेरीची नव्हे.

जांबोटीकर

आमचा खानापूर तालुका, पाऊस म्हणजे आमच्या घरचा. नाव चालवली नाही कधी, त्यामुळं नावेवर बोलत नाही, पाऊस अंगावर कसा घ्यायचा त्यावर बोलतो.

रोप लावताना दोन्ही हात चिखलात असतात, छत्री धरणार कोण? म्हणून आमच्याकडं इरलं. बांबूच्या कामट्यांचं विणलेलं, मधे पानं दाबलेली, डोक्यावरनं पाठीवर उतरतं, हात मोकळे. आता पानांच्या जागी प्लास्टिक आलंय पण आकार तोच. तुमच्या आबांचंही तेच आहे की, एक हात दांड्यावर आणि दुसरा कधी दोरीवर कधी काठाला. म्हणजे त्यांना धरायची नाही तर घालायची वस्तू पाहिजे. केरळात कालव्यांवर आणि खाडीत नाव हाकणारे पूर्वी ताडाच्या पानांची दांडी नसलेली छत्री थेट डोक्यावर टोपीसारखी घालायचे, तोप्पिकुडा म्हणतात तिला. विचार तोच, फक्त ती डोक्यापुरती आणि इरलं पाठीपर्यंत.

इरलं मात्र नावेवर जशाच्या तसं नेऊ नका, ते वाकलेल्या माणसासाठी आहे. ताठ बसलेल्याच्या पाठीला ते वाऱ्यात ओढतं. आणि घोंगडं तर अजिबात नको. घोंगड्यासारखी ऊब कशात नाही, भिजलं तरी अंग गरम राहतं हे मी स्वतः शंभर वेळा अनुभवलंय, पण भिजलेलं घोंगडं इतकं जड होतं की पाण्यात पडलेल्या माणसाला ते वर येऊ देणार नाही.

कृष्णाकाठ_रायबाग

जुना नावाडी काका, तुम्ही लिहिलेलं आबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले हा माणूस नदीतला आहे. माणसं मागं धावणार ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती, मी तर सगळ्यांना सावली म्हणून पुण्याचं काम समजून बसलो होतो. पूर्ण मांडव रद्द.

आता प्रश्न एवढाच की आबांपुरता लहान आसरा कसा असावा. दुकानात एकानं चारी बाजूनं पारदर्शक प्लास्टिक लावलेली केबिन करून देतो म्हणून सांगितलंय, पाऊस अजिबात आत येणार नाही म्हणतोय. ते कसं?

निपाणीचे_मामा

बाळा, ह्याबद्दल मी बघितलेलं सांगतो, जरा लांबचं आहे पण उपयोगाचं आहे.

माझी लेक इंग्लंडात असते. दोन वर्षांमागं आम्ही गेलो तेव्हा जावयानं आठवड्यासाठी कालव्यातली नाव भाड्यानं घेतली. तिकडं जुने माल वाहतुकीचे कालवे आहेत आणि त्यावर लांबच लांब अरुंद लोखंडी नावा चालतात, रुंदी सात फुटाच्या आत कारण बऱ्याच ठिकाणची पाण्याची दारंच सात फुटी, आणि लांबी काहींची ७० फुटांपर्यंत. आमची ५७ फुटी होती. आत झोपायला, स्वयंपाकाला सगळं. आणि चालवणारा कुठं? सगळ्यात मागं, उघड्यावर उभा, हातात सुकाणूचा दांडा. आत इतकी सोय आणि चालवणारा पावसात, मला आधी ते पटेना.

आम्ही होतो लँगोलेनच्या कालव्यावर. तो कालवा एका दरीवरनं पुलावरून जातो आणि त्या पुलावर सरहद्द आहे, अलीकडं इंग्लंड, पलीकडं वेल्स, पाट्या दोन भाषांत. मला आपला कोगनोळी नाका आठवला. पुढं दुसरा एक पूल आहे, १८०५ सालचा, दरीपासून १२६ फूट उंच, त्यावर लोखंडी हौदातनं नाव जाते आणि एका बाजूला कठडाच नाही. तिथं पोचलो तर पाऊस आणि वारा दोन्ही. जावई दांड्यावर, मी शेजारी, रेनकोटाच्या वर लाईफ जॅकेटचे पट्टे आवळलेले. तिथं मला कळालं की ह्या लोकांनी चालवणाऱ्याला उघडं का ठेवलंय. त्याला पुढं ५७ फूट नाव, दोन्हीकडं हातभर जागा, सगळं दिसायला पाहिजे आणि ऐकायला पण पाहिजे.

बऱ्याच नावांना मागं कापडाचा टप असतो, बाळाच्या गाडीला असतो तसा. पण चालताना बहुतेक लोक तो दुमडून ठेवतात, मुक्कामाला थांबल्यावर उघडतात. कारण एक, जुने दगडी पूल कमानीचे आणि कडेला बुटके, टप अडकतो. दुसरं, पारदर्शक प्लास्टिकवर थेंब साचले आणि समोरनं सूर्य आला की काहीच दिसत नाही. त्यांची नाव १५-१६ टनांची, तिला टपानं कलंडायची भीती नाही, वेगाची मर्यादा ताशी चार मैल, तरी ते लोक दिसण्यासाठी भिजणं पसंत करतात. तुमची नाव तर हलकी आणि नदी वाहती. म्हणून समोर प्लास्टिक लावायचं नाही, हे माझं स्पष्ट सांगणं.

त्यांची जुनी सोय मला फार आवडली. मालवाहू नावांच्या काळात चालवणारा मागच्या लहान खोलीच्या दारात उभा राहायचा, छातीपासून वर उघडा आणि खाली पायाशी आत शेगडी. म्हणजे डोळे मोकळे आणि अंग ऊबेत. आणि त्या नावांवरच्या बायका सुती टोप्या घालायच्या ज्यांना मागं मानेवर झालर असायची, उन्हासाठी. तिथल्या एका संग्रहालयात बघितली आणि बायको म्हणाली ही तर आपल्या पदरासारखीच की.

आणखी एक. भाड्यानं नाव देणाऱ्यानं पहिल्यांदा हेच शिकवलं की दांड्याच्या फिरण्याच्या टापूत उभं राहायचं नाही, मागं घेताना दांडा एकदम फिरून माणसाला पाण्यात ढकलतो. तुझ्या टपाचे खांब पण दांड्याच्या त्या टापूच्या बाहेर पाहिजेत, नाहीतर ऐन वळणाला दांडा खांबात अडकेल.

अथणीची_सिस्टर

मी नर्स आहे, उन्हाळ्यात अशी माणसं रोज बघते म्हणून लिहितेय. दादा, आबांची बीपीची गोळी कुठली आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या. काही गोळ्या लघवी वाटे पाणी बाहेर काढतात आणि अशा माणसाला ऊन लवकर लागतं. गोळी मनानं बंद करू नका, फक्त नावेवर बसतात हे डॉक्टरांना सांगा, बहुतेक वेळा हे कुणी सांगतच नाही. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, फेरीगणिक दोन घोट, ओआरएसचं पाकीट नावेतच ठेवायचं. पुन्हा कधी चक्कर, मळमळ झाली तर सावलीत झोपवून अंग ओलं करून वारा घाला, आणि बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग तापून शुद्ध हरपायला लागली तर वाट न बघता दवाखाना.

पाण्यावरच्या उन्हाचं एक लक्षात घ्या, ते खालनं पण येतं. टोपीची झालर किती पण मोठी असू दे, पाण्यावरनं उठणारी झळाळी थेट डोळ्यात जाते. नदीवर, समुद्रावर काम करणाऱ्यांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांसाचा पडदा वाढून बुबुळाकडं सरकतो तो ह्यामुळंच जास्त. पोलराइज्ड काचेचा चष्मा घ्या, त्यानं पाण्यावरची चमक कमी होते आणि पाण्याखालचा दगड, ओंडका पण दिसतो. पांढरा सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपीखाली मानेवर ओला टॉवेल. मामांनी सांगितलेली झालरीची टोपी म्हणजे हेच.

आणि लाईफ जॅकेट रेनकोटाच्या वर घालायचं, आत नाही. रेनकोट पण शर्ट-पँटचा, घोळदार अंगरख्यासारखा नको, तो इंजिनच्या दांड्यात गुंततो आणि पाण्यात अंगाभोवती गुंडाळतो. गमबूट नकोत, पाणी भरलं की पोहायला जड जातात, पट्ट्याची चप्पल बरी.

उद्यमबागचा_वेल्डर

मामा आणि सिस्टर दोघांचं वाचून माझं पहिलं डिझाईन बदलतो. बंद केबिनचं तर विषयच काढू नकोस, त्यात आणखी एक धोका आहे. नाव पुढं जाताना मागच्या बाजूला हवा उलटी आत ओढली जाते आणि इंजिन मागंच, त्याचा धूर छपराखाली साठतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईड ह्या विषारी वायूला वास नसतो, माणसाला नुसतं डोकं जड वाटतं, झोप येते. चारी बाजूनं उघडं असलं की हा प्रश्न येत नाही.

तर असं कर. रिक्षाच्या टपासारखा दुमडणारा टप, तीन कमानी, दोन्हीकडं एका एका बोल्टवर फिरणाऱ्या. पुढं-मागं दोन पट्ट्यांनी ताणायचा आणि पट्टे ज्या पिनांना अडकतात त्या पिना ओढल्या की सुटणाऱ्या, दोरी आबांच्या हाताशी. झोत आला, दोरी ओढली, टप मागं पडला, दहा सेकंदाचं काम. हे दोरीचं जमलं नाही तर टप करूच नको, मी तर पैसे घेऊनही करून देणार नाही. लांबी चार फूट, रुंदी नावेपेक्षा थोडी आतच. उतार मागं ठेव खरं पाणी इंजिनवर पडू नये म्हणून मागच्या कमानीला कापडाचीच पन्हळ शिवून दोन्ही बाजूला काढ. कापड ट्रकच्या हुडाचं घे, साधी निळी ताडपत्री उन्हानं वर्षात फाटते आणि फडफडून डोकं उठवते. रंग फिका, पांढरा नाहीतर बदामी. बोल्टच्या जागी फायबरला आतनं लाकडी फळीचा टेकू दे नाहीतर भोक वाढत जाईल. आणि नाव प्रवाशांची आहे, नोंदणी असेल, तर बदल करायच्या आधी तिथं विचारून घे.

कृष्णाकाठ_रायबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. चार आठवड्यांनी लिहितोय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

विचारून घेतलं, मग वेल्डर दादांनी सांगितल्याप्रमाणं टप केला, चार फुटी, फिका बदामी. पहिल्या दिवशी आबा बसले आणि म्हणाले डावीकडचा काठ दिसत नाही. बघितलं तर मधली कमान बरोबर त्यांच्या डोळ्याच्या रेषेत येत होती. मी उभं राहून माप घेतलं होतं, ते बसतात तिरके, डाव्या हातानं दांडा धरून. कमान सहा इंच मागं सरकवली, आता बरोबर आहे. म्हणून दुसरं कुणी करणार असेल तर चालवणाऱ्याला त्याच्या जागेवर, त्याच्या पद्धतीनं बसवूनच माप घ्या.

परवा दुपारी चारच्या सुमाराला वळवाचं ढग आलं. पहिली झुळूक लागली तशी आबांनी दोरी ओढली, टप पडला, मी पुढं बसलो होतो मला नुसता खट्ट आवाज ऐकू आला. गडगडाट सुरू व्हायच्या आत काठाला लागलो आणि सगळे देवळात जाऊन थांबलो पाऊण तास. पल्याड पाच माणसं हाका मारत होती, आबा गेले नाहीत.

चष्मा घालत नव्हते, सिस्टर. मग पाण्याखालचा ओंडका त्यांना त्यातनं दाखवला, तेव्हापासनं उतरवत नाहीत. गोळी डॉक्टरांनी बदलून दिलीय. झालरीची टोपी आईनं जुन्या धोतराच्या कापडाची शिवली, दोन शिवल्यात, एक वाळत असताना दुसरी.

जुना नावाडी काका, शाळेच्या पोरांना खोळ कशी घालायची ते दाखवलं, पोतं एका कोपऱ्यात दुसरा कोपरा घालून. पोरांना आधी लाज वाटत होती, आता पावसात नावेत छत्री कुणी उघडत नाही.

जुना_नावाडी_कागवाड

पाच माणसं हाका मारत असताना थांबणं सोपं नसतं. आबांना माझा नमस्कार सांग. पिनांना दर आठवड्याला ग्रीस लाव, पावसाळ्यात गंजून अडकल्या तर दोरी ओढूनही सुटणार नाहीत.